आत्याचा शटरचा टीव्ही विकायचा आहे (अलिबाग). दुरुस्त करून विकू की आहे तसाच?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. अलिबागला माझ्या आत्याचं घर आहे. आत्या शिक्षिका होती, एकटीच राहायची. ती गेल्यावर घरातलं सामान मृत्युपत्राने माझ्याकडे आलं. भांडीकुंडी, कपाटं, पुस्तकं सगळं मार्गी लागलं. राहिलाय तो माजघरातला टीव्ही.

कृष्णधवल आहे, २० इंची. चार निमुळते पाय, दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मधे मिटणारं लाकडी पट्ट्यांचं शटर, त्याला छोटं पितळी कुलूप. १९७६ साली मुंबईहून आणला होता. कंपनीची पाटी निघून गेली आहे, तिच्या जागी स्क्रूची दोन भोकं दिसतात. कित्येक वर्षांत लावलेला नाही. एक पाय हलतो, शटर अर्ध्यात अडकतं आणि खाली पिठासारखा भुसा पडतो.

ठाण्याच्या घरात तो ठेवायला जागा नाही, म्हणून विकायचाच आहे. भंगारवाल्याने तीनशे रुपये सांगितले. नेटवर मात्र असाच टीव्ही ऐंशी हजारांना दिसतो. खरी किंमत काय धरायची? आधी दुरुस्त करून घेऊ की आहे तसाच देऊ? आणि माझी एक अट आहे: आतलं सगळं उपसून त्याचा फिशटँक करणाऱ्याला द्यायचा नाही. आत्याच्या आळीतल्या दोन पिढ्या त्याच्यासमोर बसल्या आहेत. तो टीव्ही म्हणूनच कोणाकडे तरी जावा असं मनापासून वाटतं.

सोल्डर

ताई, सगळ्यात आधी एक: तो प्लगला लावून बघू नका. "बघू तरी चालतोय का" म्हणून लावतात आणि तिथेच संच मरतो. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. एकदम २३० व्होल्ट दिले की कंडेन्सर तापतो, फुटतो, जाताना रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) आणि कधीकधी ईएचटी ट्रान्सफॉर्मरही (पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा) घेऊन जातो. कंडेन्सर बाजारात मिळतो. त्या मॉडेलचा ईएचटी मिळत नाही.

दुसरं, त्या काळच्या बऱ्याच संचांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसायचा. घरातली वीज सरळ रेक्टिफायरवर जायची आणि तिची एक वायर लोखंडी चेसिसला (आतल्या सांगाड्याला) जोडलेली असायची. प्लग उलटा लागला की अख्खी चेसिस लाइव्ह. मागचं झाकण काढून चालू संचात हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

प्लग बाजूला गुंडाळून ठेवा, मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा आणि टॉर्चने नुसतं बघा. आत काचेचे व्हॉल्व्ह (छोट्या बल्बसारख्या नळ्या) आहेत का? त्यांच्यावर नंबर काय? पिक्चर ट्यूबची मागची बारीक मान शाबूत आहे का? ट्यूबच्या अंगावर रबरी टोपी असते आणि तिच्यात एक जाड वायर जाते. इतक्या वर्षांनी तिथे चार्ज सहसा उरत नाही, तरी टोपीला हात लावू नका. फोटो काढून इथे टाका.

पेठेतला

ऐंशी हजारांच्या जाहिराती मीही रोज बघतो. त्या वर्ष वर्ष तशाच असतात, यावरून काय ते समजा. जाहिरातीतला आकडा मागणाऱ्याचा असतो, व्यवहाराचा आकडा वेगळा. बंद, पण अख्खा आणि लाकूड बरं असलेला शटरवाला संच काही हजारांत जातो. चित्र येत असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात नेलात तर तिथला माणूस पुढे विकायला घेणार, म्हणजे भाव आणखी उतरणार.

आणि जाहिरातीत "अँटिक" लिहू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू शंभर वर्षं जुनी लागते, हा संच पन्नाशीचा आहे. नोंदणीची भानगड नाही. "१९७६ चा, एकाच घरात वापरलेला" एवढं खरं लिहिलं की जाणकार वळतोच. भावंडांची हरकत नसल्याचा एखादा मेसेज मात्र मागून ठेवा. मृत्युपत्र असलं तरी.

खाडीकाठ

झाकण काढलं. उंदरांनी घर केलं होतं, ते ब्रशने साफ केलं. फोटो टाकले आहेत. व्हॉल्व्हवरचे वाचता आलेले नंबर: पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८५, पीसीएल ८२. एका पत्र्याच्या डब्यात डीवाय ८७. चेसिसच्या पत्र्यावर तांबूस-पांढरी बुरशीसारखी पूड आहे. ट्यूबची मान अख्खी आहे. ट्यूबवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचं लेबल आहे.

पण दुसरीच गोष्ट सांगायची आहे. काल एका साइटवर "शटरचा जुना टीव्ही, बंद" एवढीच जाहिरात टाकली. रात्रीपर्यंत फोनवर फोन. एक जण म्हणाला दोन लाख देतो, दुसरा म्हणाला "माल" असेल तर वीस लाख. आत लाल रंगाची कुपी आहे का, तिच्याजवळ लसूण नेली तर काय होतं, तिचं आरशात प्रतिबिंब पडतं का, याचा व्हिडिओ पाठवा म्हणतात. हा काय प्रकार आहे?

पेठेतला

ताई, तो नंबर बंद करा आणि त्यातल्या एकालाही घरचा पत्ता देऊ नका. ही "रेड मर्क्युरी"ची अफवा. शटरच्या टीव्हीत आणि जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत लाल पारा असतो, त्याला कोटींचा भाव आहे, तो लसणीपासून पळतो, सोन्याकडे ओढला जातो, आरशात दिसत नाही, असे व्हिडिओ आपल्याकडे व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरलेत. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा सिंगरच्या शिवणयंत्रांबद्दल पसरली होती. लोकांनी जुनी यंत्रं अफाट भावाने घेतली, आत काहीही निघालं नाही.

असा पदार्थच अस्तित्वात नाही. पण अफवेवर जगणारे आहेत. एक जात "तपासणी फी" किंवा "ॲडव्हान्सची पावती" म्हणून तुमच्याकडूनच पैसे काढणारी. दुसरी खरोखर भुललेली, ती संच घेऊन जाते आणि हातोड्याने फोडते. दोन्हींपासून टीव्ही वाचवा.

सोल्डर

त्या व्हॉल्व्हमध्ये काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचा फोन आला तर उत्तर देता येईल. आत निर्वात पोकळी असते. काचेच्या डोक्यावर आतून जो चकचकीत आरशासारखा डाग दिसतो तो बेरियमचा. त्याला गेटर म्हणतात. आत चुकून राहिलेली हवा तो शोषून घेतो. हा डाग काळसर-चंदेरी असेल तर व्हॉल्व्हची पोकळी शाबूत. दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. पाऱ्याचा तिथे थेंब नाही, लाल तर नाहीच.

तुमच्या फोटोत पीवाय ८८ चं डोकं मला पांढरं वाटतंय. जरा जवळून बघाल का? बाकीचे चंदेरी दिसतात.

आता संचाबद्दल. हा हायब्रिड आहे, थोडे व्हॉल्व्ह आणि थोडे ट्रान्झिस्टर. हैदराबादच्या ईसी कंपनीचं नाव सॉलिड स्टेट, म्हणजे बिनव्हॉल्व्हच्या, संचांसाठी होतं, त्यामुळे हा बहुधा ईसी नसावा. त्या वेळी वेस्टन, टेलिव्हिस्टा, क्राऊन अशा कितीतरी कंपन्या होत्या आणि नंबर बघितले तर आतली मांडणी बऱ्याच जणांची एकसारखी. म्हणूनच पाटी नसली तरी सर्किट लावणारा माणूस अडत नाही.

नंबरातलं पहिलं अक्षर बघा. "पी" म्हणजे फिलामेंट ३०० मिलिअँपिअरचं. हे सगळे फिलामेंट एकामागे एक ओवलेले असतात, पिक्चर ट्यूबचंसुद्धा, दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. एक गेला की सगळे काळोखात. त्यामुळे "संच पूर्ण मेलाय, काहीच उजळत नाही" असं ऐकलं की मला धीर येतो, कारण बऱ्याचदा एकच व्हॉल्व्ह गेलेला असतो. "डी" म्हणजे १.४ व्होल्टचं फिलामेंट. तो डीवाय ८७ माळेत नाही. ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याभोवती वायरचा एखादा वेढा असतो, त्यातून त्याचं फिलामेंट पेटतं आणि पंधरा हजार व्होल्टच्या आसपासची वीज तो ट्यूबला पुरवतो. इतकी साधी आणि हुशार रचना आहे की अजूनही बघत बसावंसं वाटतं.

खाडीकाठ

पीवाय ८८ पांढराच आहे. पूर्ण पांढरा. काचेला बुडाशी केसासारखी चीर आहे.

सोल्डर

मग हीच चांगली बातमी. तो आजही जुन्या साठ्यातून मिळतो. लॅमिंग्टन रोडला विचारा किंवा व्हॉल्व्ह जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर. फार महाग नाही.

पण तुम्ही स्वतः तो आणून बसवू नका. दुरुस्त करून विकायचा विचारही सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सांगतो. आज व्हॉल्व्हची ओळ दुरुस्त करणारा जाणता मेकॅनिक मिळणं कठीण. साधा मेकॅनिक "चालू करून देतो" म्हणतो आणि चिनी किटचा बोर्ड आत बसवतो, जुनी चेसिस भंगारात. मग जो माणूस चांगले पैसे देणार होता तोच पाठ फिरवतो. त्याला पन्नास वर्षांपूर्वीची चेसिस तिच्या धुळीसकट हवी असते. घेणाऱ्याने डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमीजास्त करायच्या यंत्रावर) हळूहळू व्होल्टेज चढवत, सिरीज बल्ब लावून, कंडेन्सर एकेक तपासत तो उठवावा. त्यातच त्याचा आनंद आहे. तुम्ही तो विकत द्या, हिरावून घेऊ नका.

चेसिसवरची पूड खाऱ्या हवेची. अलिबागला ते होणारच. व्हॉल्व्हचे सॉकेट गंजले असतील, तेही जाहिरातीत लिहा.

सुतारपक्षी

लाकडाबद्दल मी बोलतो. भुसा पिठासारखा बारीक असेल आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर तो लाकडातला किडा, वाळवी नव्हे. वाळवी मातीच्या वाटा करते. इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकात लाकडाच्या किड्यांचं औषध सोडा, मोठ्या प्लास्टिकमध्ये संच गुंडाळून काही दिवस ठेवा. एवढं विकायच्या आधी करायलाच हवं, नाहीतर घेणाऱ्याच्या घरातल्या फर्निचरला लागण होईल. औषध सोडताना मागच्या बाजूला, व्हॉल्व्हवर उडू देऊ नका.

शटर जोर लावून ओढू नका. त्या पट्ट्या मागून मांजरपाटावर सरसाने चिकटवलेल्या असतात. सरस सुकून भुगा होतो, कापड सुटतं आणि सुटलेली पट्टी खोबणीत तिरकी होऊन अडकते. जिथे आहे तिथेच राहू द्या. पट्टी मोडली तर त्याच रुंदीची, त्याच रेषांची सागाची पट्टी जुळवताना जीव जातो. खोबणीत तेल तर मुळीच सोडू नका, धूळ धरतं आणि चिकट लगदा होतो. मेण चालतं, पण तेही नवीन मालकाला करू द्या.

पॉलिश चपड्याचं असणार. ओल्या फडक्याने पुसलंत तर पांढरे डाग पडतील. कोरडं सुती कापड फिरवा, बस. टचवुड, पेंट, सनमायका, काहीही नको.

नेपथ्य

मी मुंबईत चित्रीकरणासाठी जुन्या वस्तू पुरवणाऱ्यांबरोबर काम करते. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं घर उभं करायचं तर शटरचा टीव्ही लागतोच, त्यामुळे मागणी आहे आणि पैसेही लगेच मिळतात. पण खरं सांगते, आमच्याकडे आलेला संच बहुतेक वेळा आतून रिकामा केला जातो. वजन कमी लागतं आणि पडद्याच्या जागी एलईडी बसवून त्यावर हवं ते दाखवायचं असतं. खरी ट्यूब कॅमेऱ्यात लुकलुकते, म्हणून कोणी ठेवत नाही. तुमची अट वाचली, तर आमचा मार्ग तुमच्यासाठी नाही. ज्यांचं नुसतं खोकं उरलंय त्यांनी जरूर विचारावं, त्यांच्या खोक्याला आमच्याकडे चांगलं आयुष्य आहे.

पेठेतला

नेपथ्यताईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, छान वाटलं. खाडीकाठताई, मग तुमच्यासाठी वाट एकच. जुने रेडिओ आणि टीव्ही जमवणाऱ्यांचे ग्रुप आहेत, तिथे टाका. हे लोक घासाघीस करतात, पण वस्तू मोडत नाहीत.

एक सावधगिरी. कोणी "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" म्हणालं तर ती फसवणूक. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

खाडीकाठ

जाहिरात नव्याने लिहिली आहे. बघून सांगा:

"कृष्णधवल टीव्ही, २० इंच, लाकडी शटर, चार पाय. १९७६ पासून एकाच घरात, अलिबाग. हायब्रिड चेसिस, मूळ अवस्थेत, आत कोणीही बदल केलेला नाही. पिक्चर ट्यूबची मान शाबूत, ट्यूब उजळते का ते तपासलेलं नाही. पीवाय ८८ निकामी. बाकी व्हॉल्व्हचे गेटर चंदेरी. सॉकेटवर खाऱ्या हवेचा गंज. शटर अर्ध्यात अडकलं आहे, एक पाय सैल, लाकडाला कीड होती, औषध केलं आहे. संच प्लगला लावलेला नाही, लावून दाखवणार नाही. अखंड ठेवणाऱ्यालाच द्यायचा आहे. लाल पाऱ्यासाठी फोन करू नये."

सोल्डर

याहून चांगली जाहिरात मी वाचलेली नाही. फक्त एक भर घाला: ट्यूबच्या फिलामेंटची कंटिन्युइटी, म्हणजे आतली तार तुटलेली नाही ना ते. कोणी ओळखीचा मल्टिमीटरवाला असेल तर सॉकेट अलगद मागे काढून तेवढं बघून घ्या. ट्यूबचा फिलामेंट अखंड असेल तर भावात फरक पडतो, कारण ट्यूब हीच एक गोष्ट अशी आहे जी पुन्हा मिळणार नाही.

उत्तरवाट

मधेच विचारतो. समजा सगळं झालं, संच पेटला, तर त्यावर बघणार काय? दूरदर्शनचं अँटेनावरचं जुनं प्रक्षेपण तर बंद झालं.

सोल्डर

प्रश्न रास्त आहे आणि खरेदीदार हाच विचारतो. या संचाला फक्त व्हीएचएफ (जुन्या चॅनलांच्या लहरींचा पट्टा) कळतं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते चॅनल ४ वर. म्हणूनच जुन्या घरांच्या कौलांवर अँटेनाचे दांडे सात-साडेसात फुटी दिसायचे. आता सेट टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर आणि संच यांच्या मधे एक छोटा आरएफ मॉड्युलेटर लावायचा, तो चित्राचा सिग्नल अँटेनाच्या चॅनलसारखा करून देतो. घेताना व्हीएचएफचा आहे ना ते बघायचं, यूएचएफचा निरुपयोगी. आणि अँटेनाच्या वाटेने चेसिसची वीज बाहेर येऊ नये म्हणून संचाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संच घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा) हवाच. मग २५ फ्रेम, ६२५ रेषा, सगळं जसंच्या तसं. कृष्णधवल ट्यूबवर छिद्रांची जाळी नसते, त्यामुळे चित्राला जी मऊ सलगता असते ती कुठल्याच नव्या पडद्यावर येत नाही. ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

खाडीकाठ

विकला गेला! फिलामेंट अखंड निघाला, तसं जाहिरातीत घातलं. पेणजवळचे एक गृहस्थ, निवृत्त आयटीआय शिक्षक, मुलाला घेऊन आले. मी साडेआठ सांगितले होते, सात हजारांवर ठरलं. आदल्या दिवशी एकाने बारा हजार देऊ केले होते, पण तो कॅफेसाठी हवा होता आणि आत बाटल्या ठेवायच्या होत्या. त्याला नाही म्हटलं.

शिक्षकांनी झाकण काढलं, टॉर्च मारला आणि मुलाला पहिल्यांदा काय दाखवलं असेल, तर तो डीवाय ८७ चा वायरचा वेढा. तिथेच मी भाव उतरवायला तयार झाले. स्वतःच्या कामाचा एक पीवाय ८८ त्यांच्याकडे आधीच होता. कुलपाची किल्ली आत्याच्या शिवणाच्या डब्यात सापडली होती, ती दिली.

सुतारपक्षी

नेताना कसा नेला?

खाडीकाठ

तुम्हाला विचारायच्या आधीच ते तयारीने आले होते. व्हॅनमध्ये उभाच ठेवला, पडदा पुढच्या सीटच्या पाठीकडे, मधे गादी. पाय काढून वेगळे बांधले. ट्यूबच्या मानेवर भार नको म्हणून संच मागच्या बाजूवर आडवा केला नाही.

कौलारू

ताई, अभिनंदन. हाच धागा पुढे वापरतो. माझ्याकडे वडिलांचा १४ इंची पोर्टेबल कृष्णधवल आहे, प्लास्टिकची बॉडी, पुढे बॉडीला तडा, मागे १२ व्होल्टची पिन. शटर वगैरे नाही. ट्यूबची मान तुटलेली आहे. विकला जाईल का?

सोल्डर

मान तुटली म्हणजे पोकळी गेली, त्या ट्यूबचं काही होत नाही. तशा पोर्टेबलला दुसऱ्या संचासाठी सुटे भाग म्हणून थोडे पैसे मिळतील: ईएचटी, ट्यूनर, नॉब. ग्रुपवर "सुट्या भागांसाठी" असं स्पष्ट लिहून टाका. कोणीच नाही घेतला तर भंगारवाल्याला देऊ नका. तो योकमधल्या (ट्यूबच्या मानेभोवतीच्या गुंडाळीतल्या) तांब्यासाठी ट्यूब फोडतो आणि ट्यूबच्या काचेत शिसं असू शकतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार टीव्ही नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. तुमच्या शहराच्या पालिकेत संकलन केंद्राची चौकशी करा. आधी मागच्या बाजूचा फोटो टाका, ईएचटीचा नंबर वाचता आला तर मलाच हवा असेल.